घर विकायचंय? मग आधी एजंट नीट निवडा



आठवीच्या गणितात 'सूट व कमिशन' असा एक धडा आहे. मी प्राथमिकला शिकवते, त्यामुळे तो धडा माझ्या वाट्याला येत नाही. पण शेकडेवारी शिकवताना कमिशनची एक-दोन उदाहरणं मी नेहमी घालते. अडत्याने शेतमाल विकून दिला, त्याला शेकडा इतकी अडत मिळाली, तर शेतकऱ्याच्या हातात किती आले? आमच्या मैंदर्गीतली मुलं ही उदाहरणं पटापट सोडवतात, कारण त्यांच्या घरातला माल दुधनीला नाहीतर सोलापूरला मार्केट यार्डात जातो. अडत म्हणजे काय ते त्यांना पुस्तकाआधीच माहीत असतं.

पण गंमत बघा, फळ्यावर हे शिकवणारी मी स्वतः मात्र घर विकताना कमिशनच्या बाबतीतच फसता फसता वाचले. तो अनुभव आणि त्यातून जे शिकले, ते आज सविस्तर मांडते. बदली झालेले शिक्षक, मुलांच्या शिक्षणासाठी शहरात जाणारे पालक, म्हाताऱ्या आईवडिलांचं गावचं घर विकायला निघालेली भावंडं, अशा अनेकांना याचा उपयोग होईल.

आमच्या घराची गोष्ट

माझं माहेर बार्शी, सासर मैंदर्गी. सासऱ्यांच्या माघारी त्यांचं जुनं माळवदाचं घर रिकामंच पडून होतं. आम्ही दुसरीकडे राहतो. पावसाळ्यात माळवद गळायचं, दरवर्षी डागडुजीचा खर्च. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "विकून टाका, पोरांच्या शिक्षणाला पैसे होतील."

ओळखीतल्या एका एजंटाला सांगितलं. तो आला, घर फिरून बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला हातात किती पाहिजेत ते सांगा. माझं मी बघून घेतो."

आम्हाला वाटलं, किती सोपं! कमिशनची भानगडच नाही. आम्ही आपसात बोलून चौदा लाख सांगितले. पंधरा दिवसांत त्याने ग्राहक आणला. ग्राहक सीमेपलीकडच्या गावचा, बोलणं सगळं कन्नडमध्ये. मला कन्नड जेमतेम कळतं आणि सासूबाई त्या वेळी आत चहा करत होत्या. एजंटाने पन्नास हजार रोख इसार आमच्या हातात दिला, वहीच्या कागदावर चार ओळी लिहिल्या, सह्या झाल्या.

पुढे आठवड्याने सासूबाई बाजारात गेल्या असताना त्या ग्राहकाच्या नात्यातली एक बाई भेटली. बोलता बोलता ती म्हणाली, "हदिनारूवरे लक्षाला घेतलं म्हणे तुमचं घर." हदिनारूवरे म्हणजे साडेसोळा! आणि इसार म्हणून त्यांनी पन्नास हजार नाही, एक लाख दिले होते.

म्हणजे आमच्या हातात चौदा, ग्राहकाच्या खिशातून साडेसोळा. मधले अडीच लाख कुणाचे, ते सांगायला नको.

आम्ही जाब विचारल्यावर एजंट म्हणाला, "तुम्हीच तर चौदा म्हणाला होता. तुमचे चौदा तुम्हाला मिळतायत ना?" खरं सांगते, त्याच्या या बोलण्याला त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

व्यवहार मोडला. ग्राहक आमच्या दारात येऊन एक लाख परत मागू लागला, आम्हाला मिळालेले पन्नास. गावातली चार वडीलधारी माणसं बसली तेव्हा कुठे एजंटाने त्याच्याकडचे पन्नास हजार परत केले, आम्ही आमचे केले. ग्राहक दुखावला आणि त्याने दुसरीकडे जागा घेतली. आमचे चार महिने गेले, गावात चर्चा झाली ती वेगळीच.

चूक नेमकी कुठे झाली?

एजंट लबाड होता एवढं म्हणून सोडून देता येईल. पण वर्गात गणित चुकलं की आपण पायरी शोधतो ना, तशी इथेही पायरी शोधायला हवी. चूक पहिल्याच पायरीला झाली होती. 'हातात किती पाहिजेत' या प्रश्नाला आम्ही उत्तर दिलं, तिथे.

या पद्धतीत मालकाला ठरावीक रक्कम मिळते आणि वरचं सगळं एजंटाचं. म्हणजे आपण जितका कमी आकडा सांगू तितका त्याचा फायदा जास्त. घराला भाव नाही, भिंती जुन्या आहेत, गिऱ्हाईक मिळत नाही, हे तो आपल्याला पटवत राहणार. आणि खरा भाव आपल्याला कळू नये म्हणून ग्राहकाला आपल्यापासून लांब ठेवणार. ज्याला आपण आपल्या बाजूचा माणूस समजतो, तो या पद्धतीत आपोआप आपल्या विरुद्ध बाजूला जाऊन बसतो.

कायदा काय म्हणतो बघा. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्यात मालक आणि एजंट यांच्या नात्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. सोप्या भाषेत त्यातल्या चार गोष्टी अशा:

- मालकाने मागितल्यावर एजंटाने हिशोब दिला पाहिजे (कलम २१३).
- मालकाला न कळवता एजंटाने त्याच व्यवहारात स्वतःचा धंदा केला, तर त्यातून झालेला फायदा मालक मागू शकतो (कलम २१६).
- मालकाच्या वतीने घेतलेले पैसे, आपलं देणं वजा करून, मालकाला दिले पाहिजेत (कलम २१७ आणि २१८).
- ज्या कामात एजंटाने गैरवर्तन केलं, त्या कामाचा मोबदला त्याला मागता येत नाही (कलम २२०).

म्हणजे "तुमचे चौदा मिळाले ना" या प्रश्नाला कायद्यात उत्तर होतं, फक्त मला ते माहीत नव्हतं. आणि लेखी काहीच नसल्यामुळे, काय ठरलं होतं हे सिद्ध करणं तरीही अवघडच गेलं असतं.

मग टक्केवारी बरी का?

बरी, पण तीही पूर्ण निर्धोक नाही. हे उदाहरण वर्गातही घेता येईल.

समजा एजंटाला विक्रीच्या २ टक्के द्यायचे ठरले. सोळा लाखांचं गिऱ्हाईक आलंय. आणखी दोन महिने थांबलं तर सतरा लाख मिळू शकतात. थांबल्यावर कुणाला किती जास्त मिळतील?

१६ लाखांचे २ टक्के = ३२,००० रुपये
१७ लाखांचे २ टक्के = ३४,००० रुपये

म्हणजे थांबलं तर मालकाचे ९८,००० वाढतात आणि एजंटाचे फक्त २,०००. दोन हजारांसाठी तो दोन महिने कशाला थांबेल? तो म्हणणार, "आलंय गिऱ्हाईक, देऊन टाका."

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हरसन या दोन अर्थतज्ज्ञांनी शिकागो परिसरातल्या जवळपास एक लाख घरविक्रींचा अभ्यास केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते बाजारात सरासरी साडेनऊ दिवस जास्त ठेवतात आणि त्यांना सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळते, असं त्यात दिसलं. थोडक्यात, स्वतःच्या घरासाठी ते थांबतात, आपल्या घरासाठी आपल्याला थांबू देत नाहीत.

यावर एक उपाय आहे. टक्केवारी दोन टप्प्यांत ठरवायची. उदाहरणार्थ, १५ लाखांपर्यंत १ टक्का आणि त्यावरच्या रकमेवर १० टक्के. आता गणित करा:

१६ लाखांना विकलं: १५,००० + १०,००० = २५,०००
१७ लाखांना विकलं: १५,००० + २०,००० = ३५,०००

आता थांबण्यात एजंटाचा दहा हजारांचा फायदा आहे. त्याचं आणि आपलं हित एका दिशेला आलं. 'हातात किती' या पद्धतीशी याची गल्लत करू नका. इथे खरी किंमत दोघांनाही माहीत असते आणि वरच्या रकमेतला मोठा वाटा आपलाच राहतो.

एजंटाकडे जाण्याआधी आपण काय करायचं?

१) भावाचा अंदाज स्वतः काढा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर 'ई-सर्च' सुविधा आहे. आपल्या भागात झालेल्या खरेदीखतांची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण ज्याला 'इंडेक्स टू' म्हणतो, ती तिथे बघता येते. त्याच विभागाचे वार्षिक बाजारमूल्य दरही (रेडी रेकनर) मिळतात. पण लक्षात ठेवा, ते दर मुद्रांक शुल्क काढण्यासाठी असतात, बाजारभाव त्याहून वेगळा असू शकतो. त्यामुळे शेजारीपाजारी, अलीकडे घर विकलेल्या दोन-तीन जणांनाही विचारा.

२) कागद जमवा. मूळ खरेदीखत किंवा वाटणीपत्र, मालमत्ता पत्रक असेल तर ते, नगरपरिषदेचा करआकारणीचा उतारा, घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या, वीजबिल. एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: घरपट्टीच्या उताऱ्यावर नाव असणं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. तो कर कुणाकडून घ्यायचा याचा कागद आहे.

३) वारस बघा. आमच्या उताऱ्यावर सासऱ्यांचंच नाव होतं, वारसनोंद झालीच नव्हती. वडिलांच्या माघारी आईचा, मुलांचा आणि मुलींचाही हक्क असतो. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीतही मुलींना मुलांइतकाच हक्क मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो पुन्हा स्पष्ट केला. त्यामुळे बहिणींनी एकतर खरेदीखतावर सही करावी लागते किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं लागतं. 'ती काही म्हणणार नाही' असं गृहीत धरू नका. आमच्या नणंदबाईंना आम्ही आधी विचारलं आणि त्यांचा वाटा देऊ केला. त्यामुळे पुढे काही अडलं नाही आणि राखीपौर्णिमेलाही त्या नेहमीसारख्याच आल्या.

एजंटाला विचारायचे सात प्रश्न

आम्ही दुसऱ्यांदा तीन जणांना भेटलो. तिघांना हेच प्रश्न विचारले:

१. गेल्या वर्षभरात या भागात तुम्ही कोणती घरं विकून दिलीत? त्या मालकांशी बोलता येईल का?
२. आमच्या घराची किंमत तुम्ही किती धरता आणि कशावरून? (आकडा सगळेच सांगतात. 'कशावरून' याचं उत्तर महत्त्वाचं. सगळ्यांत जास्त आकडा सांगणारा सगळ्यांत चांगला असं मुळीच नाही.)
३. तुमचं कमिशन किती, ते कधी द्यायचं आणि ग्राहकाकडूनही घेणार का? दोन्हीकडून घेणं आपल्याकडे सर्रास चालतं, पण ते आधी सांगायला हवं.
४. ग्राहकाला आमच्याशी थेट बोलू द्याल का?
५. ग्राहक तुमच्या नात्यातला किंवा भागीदार असेल तर आधी सांगाल का?
६. इसार कुणाच्या खात्यात जाईल?
७. हे सगळं लिहून द्याल का?

सातव्या प्रश्नाला एक जण हसला. म्हणाला, "बाई, आमचा धंदा शब्दावर चालतो." त्याला आम्ही नमस्कार केला.

ज्याला आम्ही काम दिलं, त्याने मात्र उलट आम्हालाच प्रश्न विचारले. पहिलाच प्रश्न, "साहेबांना बहिणी किती?" दुसरा, "वारसनोंद झालीय का?" चांगला एजंट ओळखायची ही एक खूण. तो भावाआधी कागद विचारतो, कारण कागद नीट नसतील तर व्यवहार शेवटच्या दिवशी अडतो हे त्याला ठाऊक असतं.

महारेराचं काय?

केंद्राचा स्थावर संपदा कायदा २०१६ चा. त्यानुसार आपल्या राज्यात महारेरा हे प्राधिकरण आहे. नोंदणीकृत गृहप्रकल्पातले फ्लॅट किंवा प्लॉट विकून देणाऱ्या एजंटाला महारेराची नोंदणी बंधनकारक आहे. महाराष्ट्रात अशा एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते आणि १ जानेवारी २०२४ पासून ते प्रमाणपत्र सक्तीचं झालं आहे.

पण आपलं जुनं घर हा काही नोंदणीकृत प्रकल्प नाही. त्यामुळे ते विकून देणाऱ्याला ही सक्ती लागू होत नाही आणि लहान गावात नोंदणीकृत एजंट मिळेलच असं नाही. सोलापूर, पुण्यात फ्लॅट विकत असाल तर मात्र नोंदणी क्रमांक जरूर मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर तपासा. क्रमांक आहे म्हणजे माणूस चांगलाच असं नव्हे, पण त्याचं नाव-पत्ता कुठेतरी नोंदलेला आहे आणि तक्रार करायला जागा आहे, एवढं तरी कळतं.

लेखी करारात काय असावं?

पानभर पुरे. घराचं वर्णन, आपल्याला अपेक्षित किमान किंमत, कमिशनचा दर, ते कधी द्यायचं (आम्ही 'खरेदीखत नोंदवून पूर्ण रक्कम मिळाल्यावर' असं लिहिलं), मुदत (तीन महिने पुरतात), ग्राहकाने दिलेला प्रत्येक आकडा मालकाला कळवण्याची अट आणि इसार थेट मालकाच्या खात्यात येईल ही अट. काम एकाच एजंटाकडे आहे की आणखी कुणाला सांगता येईल, तेही लिहा. आपणच ग्राहक शोधला तर कमिशन द्यायचं की नाही, हे लिहायला विसरू नका, गावात भांडण बहुधा यावरूनच होतं.

आणि तीन गोष्टी मुळीच करू नका:

- कुलमुखत्यारपत्र एजंटाच्या नावे देऊ नका. 'तुम्हाला अक्कलकोटला हेलपाटे नकोत, मीच सह्या करतो' असं गोड बोलून ते मागितलं जातं. दुय्यम निबंधक कार्यालयात आपणच जायचं. खरेदीखताशिवाय नुसत्या मुखत्यारपत्रावर झालेली विक्री म्हणजे मालकीचं हस्तांतर नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय, पण कोर्टाची पायरी चढायची वेळच कशाला आणायची?
- मूळ कागद हातात देऊ नका. झेरॉक्स द्या.
- इसार रोख घेऊ नका. आयकर कायद्यानुसार २०१५ पासून घर-जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही. घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे आपल्याला! आम्ही पन्नास हजार रोख घेतले होते. त्या वेळी हे माहीत नव्हतं, याची आजही लाज वाटते.

कमिशन दिल्यावर पावती घ्या, तेही शक्यतो बँकेतून द्या. घर विकून झालेल्या नफ्यावर कर लागत असेल तर विक्रीसाठी दिलेलं कमिशन त्यातून वजा करता येतं. पावतीच नसेल तर काय दाखवणार?

आपली बाजूही सरळ हवी

एजंटाला नावं ठेवताना आपलंही बघायला हवं. एजंटाने आणलेल्या ग्राहकाला मागच्या दाराने गाठून कमिशन बुडवणारे मालक आपल्या गावात कमी नाहीत. त्याने पेट्रोल जाळलेलं असतं, दहा जणांना घर दाखवलेलं असतं. शिवाय १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार घरातला सहज न दिसणारा मोठा दोष मालकाने ग्राहकाला सांगितला पाहिजे. आमचं माळवद कुठे गळतं, ते आम्ही पहिल्याच भेटीत दाखवलं. ग्राहक पळाला नाही. उलट त्याचा आमच्यावर विश्वास बसला.

शेवटी काय झालं?

घर सोळा लाख वीस हजारांना गेलं. इसार खात्यात, बाकी रक्कम खरेदीखताच्या दिवशी खात्यात. बोलणी कन्नडमध्येच झाली, पण या वेळी सासूबाई समोर बसल्या होत्या आणि चहा मी केला. कमिशन २ टक्के, म्हणजे ३२,४००. ते देऊन हातात आले १५,८७,६००. पहिल्या वेळच्या चौदा लाखांशी तुलना करा. फरक १,८७,६०० रुपयांचा! 'कमिशनची भानगड नको' म्हणून आम्ही एवढे पैसे घालवणार होतो.

वर्गासाठी उपक्रम

पाचवी ते सातवीच्या मुलांना ही उदाहरणं द्या आणि घरी मोठ्यांसोबत सोडवायला सांगा:

१. घर १२ लाखांना विकलं. कमिशन २ टक्के. मालकाला किती मिळाले?
२. एजंट म्हणतो, "तुम्हाला ११ लाख देतो, वरचं माझं." ग्राहकाने १२ लाख दिले. एजंटाला शेकडा किती पडले?
३. दोन्हींपैकी मालकाला काय परवडलं? किती रुपयांनी?

(उत्तरं: १) ११,७६,००० २) सुमारे ८.३३ टक्के ३) पहिलं, ७६,००० रुपयांनी)

आमच्या वर्गात एका मुलीने तिसऱ्या प्रश्नानंतर विचारलं, "बाई, पण मालकाला बारा लाख कळलेच नाहीत तर तो गणित करणार कसं?" मी तिला म्हटलं, अगदी बरोबर. म्हणूनच आधी किंमत विचारायची, आणि नंतर टक्के.

तुमच्याही घरात किंवा नात्यात कुणी घर विकायला काढलं असेल तर हा लेख त्यांना जरूर वाचून दाखवा.